‘गाइड कशाला?’ म्हणणाऱ्यांना

फ्लॉरेन्सला निघालेल्या माणसाला हल्ली चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो. खासगी गाइड करू नका, पैसे वाया जातात. सगळी माहिती मोबाइलवर आहे. दुओमोचा, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा, घुमट बघा, मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघा, पोंते वेक्योवर फोटो काढा, संध्याकाळी पियाझ्झाले मिकेलांजेलोवरून सूर्यास्त बघा, की फ्लॉरेन्स झालं. गल्लीबोळातली चर्चेस, लहानसहान संग्रहालयं हे अभ्यासकांचं काम. आपल्याला त्यातलं काय कळतं, आणि आपला त्याच्याशी संबंध तरी काय?

हा सल्ला देणारी माणसं आपल्या भल्यासाठीच बोलत असतात. बहुतेक जण तिथे जाऊन आलेली असतात, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं कुणी तपासून पाहत नाही. मला मात्र हा सल्ला घातक वाटतो. वर्षानुवर्षं पैसे साठवून, रजा जमवून, आयुष्यात एकदा किंवा फार तर दोनदा युरोपात जाणाऱ्या माणसाला तो शहराच्या दारापर्यंत नेतो आणि तिथूनच परत पाठवतो. वर त्याला सांगतो, की तू आत जाऊन आलास.

मोबाइलचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यांत ठामपणे मांडला जातो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोबाइल देतो, हे कबूल. पण अनोळखी शहरात प्रश्न सुचायचा कसा? सिन्योरिया चौकाच्या मागून सान्ता क्रोचे चर्चच्या दिशेला व्हिया दे नेरी नावाची गल्ली जाते. सँडविच घ्यायला तिथे दिवसभर रांगा असतात. या गल्लीला व्हिया सान रेमिज्यो येऊन मिळते त्या कोपऱ्यावर, आपल्या डोक्याच्या पुष्कळ वर, भिंतीत एक जुना दगड बसवलेला आहे. त्यावर पाण्याच्या लाटा कोरल्या आहेत आणि कोरलेला एक हात बोटाने ती पातळी दाखवतो आहे. ४ नोव्हेंबर १३३३ रोजी आर्नो नदीचं पाणी तिथवर चढलं होतं. त्याच्याही वर दुसरी पाटी आहे, ४ नोव्हेंबर १९६६ ची. सहा शतकांनंतर, त्याच तारखेला, नदी आणखी वर आली. या भागात पाण्याची उंची जवळपास पाच मीटर होती.

रांगेत उभा असलेला कोणता माणूस मोबाइल काढून विचारेल, की माझ्या डोक्यावरच्या भिंतीत काय आहे? गाइड तिथे थांबतो, मान वर करायला लावतो. मग तुम्ही सान्ता क्रोचेत जाता आणि चिमाबुएने रंगवलेला तेराव्या शतकातला प्रचंड लाकडी क्रूस बघता. त्याचा बराचसा रंग १९६६ च्या पुराने नेला. रस्त्यावरच्या भिंतीवर पाण्याची उंची स्वतः पाहिलेली असेल, तर क्रूसावरचे ते उघडे पडलेले भाग निव्वळ खराबी वाटत नाहीत. राष्ट्रीय ग्रंथालयातली चिखलाने माखलेली पुस्तकं हातोहात बाहेर काढायला ठिकठिकाणांहून आलेली तरुण पोरं डोळ्यांपुढे उभी राहतात. फ्लॉरेन्सचे लोक त्यांना आजही ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. भिंत आणि क्रूस यांच्यात काही मिनिटांचं अंतर आहे. हे अंतर तुमच्यासाठी जोडून देणारा माणूस बरोबर हवा. मोबाइल तुम्हाला या दोन गोष्टी सुट्या देईल, आणि बहुधा त्यातली एकच देईल. ज्या जागेला सगळ्यात जास्त लोकांनी तारे दिले तीच तो पुढच्या माणसाला सुचवतो. त्यामुळे सगळे त्याच मोजक्या जागी जातात, आणि सगळे तिथे गेले म्हणून त्या मोजक्याच जागा बघण्यासारख्या ठरतात. याला माहितीची उपलब्धता म्हणायचं का?

दुसरं म्हणणं असं, की आधी मुख्य गोष्टी बघाव्यात, आडबाजूच्या जागा दुसऱ्या खेपेसाठी ठेवाव्यात. किती जणांच्या वाट्याला दुसरी खेप येते? पण तेही बाजूला ठेवू. मुख्य आणि आडबाजूचं ही विभागणीच मुळात चुकीची आहे. दुओमोसमोर उभं राहून सगळे घुमटाचा फोटो काढतात, तेव्हा चौकाच्या दक्षिणेला, घंटाघरासमोर, मिझेरिकॉर्दियाचं कार्यालय असतं. आजाऱ्यांना उचलून नेणं आणि बेवारस प्रेतांना माती देणं ही कामं या संस्थेचे सभासद स्वतःची ओळख लपवून, काळ्या झग्यात आणि चेहरा झाकणाऱ्या टोपीत करायचे. संस्था आपली स्थापना १२४४ सालची मानते. तिचे स्वयंसेवक आजही रुग्णवाहिका चालवतात आणि ती गाडी दुओमोच्या चौकात उभी असते. म्हणजे घुमट चढायच्या आधीपासून चालत आलेली सेवा आपल्या पाठीमागे हाताच्या अंतरावर असते, आणि आपण तिच्याकडे पाठ करून फोटो घेतो. ही जागा आडबाजूला आहे, असं कोण म्हणेल?

घुमट वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा. १४२० ते १४३६ या काळात तो उभा राहिला. पण घुमटाचं काम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १४१९ मध्ये, त्याच ब्रुनेलेस्कीने दुओमोपासून चालत दहा मिनिटांवर दुसरं काम हाती घेतलं होतं. टाकलेल्या मुलांसाठी रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने बांधलेला तो अनाथाश्रम, ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती. प्रातो गावच्या फ्रान्चेस्को दातिनी या व्यापाऱ्याने मरताना त्यासाठी एक हजार फ्लोरिन ठेवले होते. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी तिथे पहिलं मूल आलं. मुलगी होती. तिचं नाव आगाता स्मेराल्दा ठेवलं गेलं. त्या दिवसानंतर चारशेहून अधिक वर्षं तिथे मुलं ठेवली जात राहिली. दर्शनी ओवरीच्या डाव्या टोकाला ती जागा आजही दिसते. बाहेरून मूल आत सरकवायचं, आणि ठेवणाऱ्याचा चेहरा आतल्यांना दिसायचा नाही. ही व्यवस्था १८७५ मध्ये बंद झाली.

आतल्या संग्रहालयात लहान लहान खण आहेत. एकेका खणात एकेक वस्तू. मधोमध तोडलेलं पदक, अर्धं नाणं, फितीचा तुकडा, मणी. मूल ठेवताना आई अर्धा तुकडा त्याच्या अंगावर बांधायची आणि अर्धा स्वतःजवळ ठेवायची. कधी दिवस फिरले, तर दोन तुकडे जुळवून आपलं मूल ओळखता यावं म्हणून. जे खणात राहिले, ते न जुळलेले तुकडे. माझ्याबरोबर असलेल्या गाइडबाई एका खणापाशी थांबल्या आणि त्यांनी सांगितलं, की इन्नोचेंती, नोचेंतीनी ही आडनावं फ्लॉरेन्सच्या परिसरात आजही घरोघरी सापडतात, आणि त्यांची मुळं बऱ्याचदा याच दारापाशी येतात. इमारतीतल्या संस्थेचं मुलांसाठीचं काम अजून चालू आहे. युनिसेफचं संशोधन केंद्रही १९८८ मध्ये इथेच सुरू झालं. बाहेरच्या कमानींवर शिल्पकार आन्द्रेया देल्ला रोब्बियाने निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळं बसवली आहेत. चौकातून जाणारे कित्येक जण त्यांच्याकडे शोभेच्या तबकड्या म्हणून बघतात आणि पुढे डेव्हिडच्या रांगेत जाऊन उभे राहतात. ती रांग तिथून पाच मिनिटांवर आहे.

आता मला सांगा, ब्रुनेलेस्की नेमका कुणाला कळला? घुमटाच्या ४६३ पायऱ्या धापा टाकत चढून उतरलेल्याला, की पायऱ्या चढून झाल्यावर तो अनाथाश्रमही पाहिलेल्याला? श्रीमंत शहराने आकाशात घुमट उभारला हे तर दिसतंच. त्याच शहराने, टाकून दिलेल्या पोरांना, त्याच माणसाच्या हातून, त्याच सुमारास सुंदर घर बांधून दिलं, हे कळल्याशिवाय त्या घुमटाबद्दल आपलं मत पुरं कसं होईल?

पोंते वेक्योचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १३४५ चा हा पूल. आधी त्यावर खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये तेव्हाचा राज्यकर्ता पहिला फर्दिनान्दो याने त्यांना हलवून सोनारांना बसवलं. एवढं कुठल्याही पुस्तिकेत मिळतं. पुलाच्या दोन्ही टोकांची घरं मात्र कुणी लक्ष देऊन बघत नाही. ती जुनी नाहीत. ३ ऑगस्ट १९४४ च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नोवरचे फ्लॉरेन्सचे सगळे पूल उडवले. एकटा पोंते वेक्यो ठेवला, आणि तो वापरता येऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांच्या मध्ययुगीन गल्ल्या सुरुंग लावून पाडल्या. सध्या दिसणारी तिथली घरं युद्धानंतरची आहेत. शेजारचा सान्ता त्रिनिता पूल नदीतून काढलेले मूळ दगड वापरून १९५८ मध्ये पुन्हा उभारला गेला. त्याच्यावरच्या चार ऋतूंच्या पुतळ्यांपैकी वसंताचं डोकं हरवलंच होतं. ते १९६१ मध्ये नदीच्या तळाशी सापडलं. पुतळ्याच्या मानेवरचा सांधा गाइड बोटाने दाखवतो, तोपर्यंत तो दिसत नाही. मग फ्लॉरेन्स हे पाचशे वर्षांपूर्वी गोठलेलं शहर राहत नाही. उद्ध्वस्त झालेलं आणि जिद्दीने पुन्हा बांधलेलं शहर म्हणून ते समोर येतं. पुलावर उभं राहून शंभर फोटो काढले तरी हे कळत नाही.

‘गाइड गोष्टी रचून सांगतात’ हा तिसरा आक्षेप. काही सांगतात. त्यावर उपाय काय, गाइडच नको? वाईट डॉक्टर असतात म्हणून आपण दवाखाने बंद करत नाही. इटलीत गाइडचं काम परवान्याशिवाय करता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने त्यासाठी देशभर एकच परीक्षा आणि एकच नोंदवही आणली. लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष कामाची चाचणी, शिवाय इतिहास, भूगोल, कला, पुरातत्त्व यांचा अभ्यास. परवाना बघून गाइड निवडणं आपल्या हातात आहे. आणि खरं सांगायचं तर दंतकथा कुठली आणि इतिहास कुठला, हे वेगळं करून सांगणारा माझ्या अनुभवात गाइडच असतो. पालात्सो वेक्यो या नगरभवनाच्या कोपऱ्याजवळ एका दगडावर माणसाच्या चेहऱ्याची बाजूची आकृती कोरलेली आहे. ती मायकेलअँजेलोने कोरली, असं सर्रास छातीठोकपणे सांगितलं जातं. गाइडबाईंनी ती दाखवली आणि लगेच म्हणाल्या, की लोक असं मानतात, पण पुरावा नाही. पुरावा नाही हे शब्द मोबाइलच्या पडद्यावर किती वेळा वाचायला मिळतात?

पैशांचं बोलू, कारण मनातली खरी अडचण तीच असते आणि ती मी हलकी मानत नाही. पण हिशेब नीट करावा. खासगी गाइडचा दर सहसा तासांवर असतो आणि तो अख्ख्या गटाचा असतो, माणशी नसतो. चार-पाच जणांच्या कुटुंबाने किंवा दोन जोडप्यांनी मिळून एक सकाळ घेतली, तर वाटणीला येणारी रक्कम विमानाच्या तिकिटापुढे आणि परतताना बॅगेत भरलेल्या चामड्याच्या वस्तूंपुढे किती उरते? शिवाय तो जिथे नेतो त्या अनेक जागा फुकट आहेत. सान रेमिज्योची भिंत फुकट. इन्नोचेंतीची ओवरी फुकट. पोंते वेक्योपासून पावलांवर असलेल्या सान्ता फेलिचिता चर्चमध्ये पोन्तोर्मोचं, क्रूसावरून उतरवलेल्या येशूचं चित्र आहे. गुलाबी आणि निळ्या रंगांचं असं धाडस १५२० च्या दशकात कुणी केलं असेल, यावर विश्वास बसत नाही. ते बघायलाही तिकीट नाही. त्याच चर्चमध्ये वर बघा. शहरावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची माणसं रस्त्यावर न उतरता, वास्तुकार वसारीने १५६५ मध्ये बांधलेल्या उंचावरच्या बंदिस्त वाटेवरून येऊन तिथल्या सज्जातून प्रार्थना ऐकत. तिकिटाच्या रांगेत दोन तास घालवणं परवडतं आणि गाइडचे दोन तास परवडत नाहीत, हे गणित मला पटत नाही. बरोबर म्हातारे आईवडील असतील तर गाइडची गरज दुप्पट होते. त्यांच्या चालीने चालणारा, सावलीतला बाक आणि स्वच्छतागृह ठाऊक असलेला माणूस कुठल्याही कानात घालायच्या यंत्रात मिळत नाही.

स्वतः भटकण्यातच खरी मजा असते, असं म्हणणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही. भटका, जरूर भटका. फक्त गाइडबरोबरच्या सकाळनंतर भटका आणि फरक बघा. जुन्या वाड्यांच्या भिंतींत, दाराशेजारी, बाटली जेमतेम जाईल एवढ्या कमानदार खिडक्या दिसतात. आधी त्या दिसतच नाहीत. जमीनदार घराणी आपल्या मळ्यातली वाइन त्यातून थेट रस्त्यावर विकत. १६३० च्या दशकातल्या प्लेगमध्ये माणसाला माणसाचा स्पर्श न होता विक्री करायला त्या उपयोगी पडल्या, आणि २०२० मध्ये त्यांतल्या काही याच कारणासाठी पुन्हा उघडल्या. शहरात अशा खिडक्या दीडशेहून अधिक आहेत. एक दाखवली की पुढच्या आपल्या आपणच सापडायला लागतात. गाइडमुळे स्वातंत्र्य जातं म्हणणाऱ्यांनी हे अनुभवून मग बोलावं.

उरला शेवटचा आक्षेप, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. आपल्याला त्यातलं काय कळतं, आपला काय संबंध. हे वाक्य नम्र वाटतं, पण ते आपल्याच माणसांना कमी लेखतं. सान्त’ आपोलोनियाच्या मठात नन्सच्या जेवणघराची अख्खी भिंत आन्द्रेया देल कास्तान्योने १४४७ च्या सुमारास येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्राने भरून टाकली. बाहेरच्यांना त्या मठात प्रवेश नव्हता, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात मठ बंद होईपर्यंत जगाला ते चित्र माहीतच नव्हतं. मेजाच्या अलीकडे, सगळ्यांपासून तोडलेला, एकटा, येशूला दगा देणारा यहूदा बसला आहे. पंगतीत कुणाला वेगळं बसवणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला बायबल वाचल्याशिवाय कळणार नाही? रेल्वे स्टेशनासमोरच्या सान्ता मारिया नोव्हेल्लाच्या संग्रहालयात त्याच विषयावरचं दुसरं मोठं चित्र आहे, प्लाउतिल्ला नेल्ली या सोळाव्या शतकातल्या ननने काढलेलं. ज्या काळी बाईने माणसाच्या शरीराचा अभ्यास करणं अशक्य होतं त्या काळी तिने पुरुषाएवढे तेरा पुरुष रंगवले. दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये ते लोकांपुढे आलं. हे समजायला कलेची पदवी लागते का? त्या स्टेशनवर उतरणारे आपले किती प्रवासी तिकडे वळतात?

आणि संबंधच विचारत असाल, तर ऐका. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नोच्या काठाने कासीने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे एक छत्री उभी आहे. छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८६६ मध्ये ते गादीवर आले आणि १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासाला गेले. तिथलं राज्य, शाळा, कारखाने सारं डोळे उघडे ठेवून बघितलं आणि रोजनिशीत लिहून ठेवलं. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथल्या लोकांनी चिता कधी पाहिली नव्हती. अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात, हिंदू रीतीप्रमाणे दहन झालं. बरोबर असलेल्या कॅप्टन वेस्टने ती रोजनिशी संपादित करून १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. १८७४ मध्ये संगमावर छत्री उभी राहिली. अर्धपुतळा शिल्पकार फुलरचा, आराखडा वास्तुकार मेजर मँटचा. याच मँटने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा आखला. १९७८ मध्ये जवळच नदीवर नवा पूल झाला, तेव्हा फ्लॉरेन्सने त्याला या ‘भारतीया’चंच नाव दिलं. गावचे लोक रोज ते नाव घेतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेक सहली फ्लॉरेन्सला अर्धा दिवस देतात, आणि त्या अर्ध्या दिवसात ही छत्री नसते. कारण ती ‘मुख्य’ यादीत नाही, आणि यादीबाहेरचं काही सांगायला बरोबर त्या शहराचा माणूस नसतो. कोल्हापूरच्या माणसाने सहा-सात हजार किलोमीटर जावं, आपल्या राजाच्या चितेच्या जागेपासून तासाभराच्या चालीवर असावं, आणि त्याला कुणी सांगू नये? हा खर्च वाचवल्याचा आनंद कसला? सहल ठरवताना पहिली मागणी हीच करा. फ्लॉरेन्सला एक पूर्ण दिवस हवा, त्यातली सकाळ परवानाधारक स्थानिक गाइडबरोबर हवी, आणि त्या सकाळच्या फेरीत इन्नोचेंतीचे खण, सान रेमिज्योचा कोपरा आणि कासीनेच्या टोकाची छत्री ही तीन नावं लिहून घेतलेली हवीत. आयोजक म्हणाला, की या जागा कुणी मागत नाही, तर त्याला सांगा, की आम्ही मागतो आहोत.